वेळ, काळ आणि रस्त्यावरची पाटी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेली वीस-बावीस वर्षं मी भोसरीहून चाकणला कंपनीच्या बसनं जातो-येतो. बसमध्ये पुस्तक वाचायचं म्हटलं तर अक्षरं हलतात, डोळे दुखतात. मग खिडकीबाहेरचं वाचायचं. मोशीचा इंद्रायणीवरचा पूल ओलांडला, चिंबळी फाटा गेला, कुरुळी गेली, आळंदी फाटा आला, की दर शंभर पावलांवर काही ना काही लिहिलेलं असतं. वाढदिवसाचे फ्लेक्स, ‘हेल्पर पाहिजेत’चे कागद, गुंठ्यावर प्लॉट विकणाऱ्यांचे फोन नंबर. आणि या गर्दीतून मान वर काढून एखादी पाटी आपल्याला बजावत असते, ‘अति घाई, संकटात नेई’.

मी कविता लिहितो. त्यामुळे रस्त्यावरच्या या अनामिक कवींचा मला मनापासून हेवा वाटतो. आमच्या संग्रहाच्या पाचशे प्रती निघतात, त्यातल्या निम्म्या आम्हीच ओळखीपाळखीत वाटतो. ‘अति घाई, संकटात नेई’ लिहिणाऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही, पण ती ओळ ऐकली नाही असा मराठी माणूस शोधून सापडायचा नाही.

असं काय आहे त्या ओळीत? ‘घाई’ आणि ‘नेई’ हे यमक तर कुणालाही ऐकू येतं. पण खरी करामत ‘नेई’ या क्रियापदात आहे. बोलताना आपण ‘घाई संकटात नेते’ असं म्हणू. ‘नेई’ कुणी म्हणत नाही. ते जात्यावरच्या ओव्यांचं, आरत्यांचं रूप आहे. त्या एका रूपामुळे ओळ एकदम जुनी वाटते, आजीनं सांगितल्यासारखी. बांधकाम खात्याची सूचना ऐकायला आपण तयार नसतो. म्हण मात्र ऐकून घेतो, कारण म्हणीशी भांडता येत नाही.

दुसरी माझी आवडती पाटी, ‘मनाचा ब्रेक, उत्तम ब्रेक’. इथं यमक नाही, तोच शब्द दोनदा आलाय. पहिला ब्रेक मनातला, दुसरा गाडीचा. ‘उत्तम’ म्हटल्यावर तुलना आलीच, म्हणजे ड्रम ब्रेक, डिस्क ब्रेक, एअर ब्रेक या सगळ्यांना रांगेत उभं करून मनाच्या ब्रेकला पहिला नंबर दिलाय. आमच्या पट्ट्यात हे सगळे ब्रेक तयार होतात. तिथल्या कामगारांना ही पाटी दाखवली की ते हसतात आणि म्हणतात, मनाच्या ब्रेकची टेस्टिंग कुठं करायची ते सांगा.

एसटीनंही असे खेळ केलेत. ‘हात दाखवा, गाडी थांबवा’ ही योजना आठवत असेल. मराठीत ‘हात दाखवणं’ म्हणजे इंगा दाखवणं आणि ज्योतिषासमोर तळहात धरणंही. ‘हात दाखवून अवलक्षण’ ही म्हण तर आहेच. हात दाखवूनही गाडी निघून गेली की आमच्या चाकणच्या स्टँडवर कुणीतरी ही म्हण हमखास काढायचं. पाटीवरच्या शब्दाला लोक असं उत्तर देतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

आणि उत्तरं तर रस्त्यावर धावतच असतात, गाड्यांच्या पाठीवर. ‘देखो मगर प्यार से’, ‘जगह मिलने पर साइड दी जाएगी’. आपल्याकडचं ‘बघतोस काय रागानं, ओव्हरटेक केलंय वाघानं’ हे तर पाटीवरच्या ‘संकटात नेई’ला दिलेलं जाहीर आव्हान. पण कान देऊन ऐका, कारागिरी तीच आहे. ‘रागानं-वाघानं’ हे यमक ‘घाई-नेई’पेक्षा सरस आहे असं मी एका कविसंमेलनात म्हणालो तेव्हा अध्यक्षांनी माझ्याकडे रागानं बघितलं. मुद्दा असा की यमकाला स्वतःचं मत नसतं. ते सावध राहायलाही सांगतं आणि ओव्हरटेक करायलाही चिथावतं. जे जास्त चांगलं जुळतं ते लक्षात राहतं, मग ते शहाणपणाचं असो वा नसो.

‘हॉर्न ओके प्लीज’ची गोष्ट घ्या. तीन इंग्रजी शब्द, त्यांचा एकमेकांशी धड संबंध नाही, तरी देशभरच्या ट्रकांवर ते रंगवलेले. मागच्यानं हॉर्न वाजवून परवानगी मागावी, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी व्यावसायिक वाहनांवर हे शब्द लिहायला मनाई केली, कारण त्यामुळे लोकांना विनाकारण हॉर्न वाजवण्याचं निमंत्रण मिळतं. तीन शब्दांविरुद्ध सरकारला फर्मान काढावं लागलं! शब्दाची ताकद एवढी असते हे मी इतकी वर्षं व्यासपीठांवरून सांगत होतो, पण परिवहन खात्यानं ते एका कागदात सिद्ध केलं.

या शब्दखेळाची राजधानी मात्र आपल्याकडे नाही. ती हिमालयात आहे. सीमा सडक संघटना १९६० मध्ये स्थापन झाली आणि लडाखच्या बाजूचे तिचे रस्ते तिथल्या पिवळ्या पाट्यांसाठी प्रसिद्ध झाले. ‘आफ्टर व्हिस्की, ड्रायव्हिंग रिस्की’ ही त्यातली सगळ्यांत लोकप्रिय. ‘बी जंटल ऑन माय कर्व्ह्‌ज’ ही दुसरी, रस्त्याच्या वळणांना बाईच्या अंगाची उपमा देणारी. पर्यटक या पाट्यांपुढे उभं राहून फोटो काढतात. मला यातली पहिली आवडते, दुसरी आवडत नाही. तिथून रोज गाडी हाकणाऱ्या, इंग्रजी न येणाऱ्या ड्रायव्हरला त्यातलं काय कळत असेल, हा प्रश्न मात्र दोन्हींबाबत पडतो.

अमेरिकेत तर १९२५ पासून दाढीच्या क्रीमची एक कंपनी रस्त्याकडेला ओळीनं छोट्या पाट्या लावायची. एका पाटीवर कवितेचा एक तुकडा, थोड्या अंतरावर दुसरा, पुढे तिसरा. यमक कुठं जुळतंय हे कळायला गाडी पुढे न्यावी लागे. ‘बर्मा-शेव्ह’ हे त्या क्रीमचं नाव. या कवितांतल्या कितीतरी गाडी जपून चालवा असं सांगणाऱ्याच होत्या. गाड्यांचा वेग वाढला, मोठे हमरस्ते आले, आणि १९६३ मध्ये हा प्रकार बंद झाला. वेगापुढे कविता हरली, असं आम्हा कवींनी म्हणायला हरकत नाही.

वेगाचा हिशेब सोपा आहे. ताशी साठ किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जाते. सहा शब्दांची पाटी वाचून तिचा अर्थ लावायला दोन-तीन सेकंद लागले, तर गाडी तेवढ्यात तेहतीस ते पन्नास मीटर गेलेली असते आणि ड्रायव्हरचे डोळे रस्त्यावर नसतात. श्लेष असेल तर आणखी वेळ लागतो, कारण श्लेष दोनदा वाचावा लागतो. एकदा साधा अर्थ, मग दडलेला. चाकणच्या तळेगाव चौकात संध्याकाळी अडकलात, तर श्लेषच काय, अख्खा कवितासंग्रह वाचून होईल. पण तिथं गाडीला वेगच नसतो, तेव्हा त्या वाचनाचा उपयोगही नसतो.

म्हणूनच खऱ्या वाहतूक चिन्हांनी शब्दाचा नाद सोडला. १९०९ मध्ये पॅरिसला मोटारगाड्यांबाबत एक आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात चार चिन्हं ठरली: उंचवटा, वळण, चौक आणि रेल्वेचं फाटक. चारही चित्रं. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातही चिन्हांची वर्गवारी आहे. हुकूम देणारी बहुतेक चिन्हं गोल, सावध करणारी त्रिकोणी, माहिती देणारी चौकोनी. ‘थांबा’ची पाटी तेवढी अष्टकोनी, म्हणजे धुळीनं माखली किंवा मागून दिसली तरी ती कसली हे ओळखता यावं.

हे मला पुस्तकातून कळायच्या आधी अब्बांकडून कळलं होतं. अब्बा ट्रक चालवायचे. चाकणच्या बाजारातला कांदा भरून रात्री निघायचं, बोरघाट उतरून पहाटे मुंबईला पोचायचं. अब्बांना लिहिता-वाचता येत नव्हतं. गाडीच्या कपाळावर ७८६ आणि मागच्या फाळक्यावर ‘फिर मिलेंगे’ असं रंगवलेलं होतं, ते पेंटरनं आपल्या मनानं लिहिलेलं. काय लिहिलंय ते अब्बांनी दुसऱ्याकडून वाचून घेतलं आणि ‘मनहूस तो नही ना?’ एवढं विचारून पैसे दिले. मी शाळेत जायला लागल्यावर एकदा त्यांच्याबरोबर घाटात गेलो आणि मोठ्या ऐटीत एकेक पाटी वाचून दाखवू लागलो. थोडा वेळ त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, “बेटा, तू पढने तक मोड निकल जाता. मैं तिकोन देख्या की पाँव उठाता.” त्रिकोण दिसला की अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा, एवढंच त्यांचं वाचन. त्या वाचनावर त्यांनी एकतीस वर्षं गाडी चालवली.

शब्द वापरायचेच तर ते कसे असावेत, याबद्दल माझी तक्रार आहे. आपल्या रस्त्यांवर ‘अपघातप्रवण क्षेत्र’ अशी पाटी असते. ‘प्रवण’ म्हणजे काय, हे मला बी.ए.ला मराठी घेतल्यावर कळलं. आमच्या बसमधले एक मामा, जुन्नरकडचे, बरीच वर्षं समजत होते की प्रवण हे गावाचं नाव आहे आणि तिथं अपघात झाला होता. ‘इथं माणसं मेली आहेत’ असं लिहिलं असतं तर जुन्नरच्या मामांना आणि मला एकाच वेळी कळलं असतं.

उलट जुना ‘सावकाश’ पाहा. ‘वाहने सावकाश हाका’ असं पूर्वीच्या पाट्यांवर असायचं, बैलगाडीच्या काळातलं ‘हाका’ मोटारीलाही लावलेलं. सावकाश म्हणजे स-अवकाश. अवकाश म्हणजे सवड आणि अवकाश म्हणजे मोकळी जागाही. दोन गाड्यांमध्ये जागा ठेवून चाला, हे त्या शब्दाच्या पोटातच आहे. पाटी रंगवणाऱ्याला हे माहीत नसेल आणि वाचणाऱ्यालाही नसेल, पण शब्द आपलं काम करत राहतो. असा श्लेष मला मान्य आहे. तो कळला नाही तरी काही बिघडत नाही.

माझ्या स्वतःच्या श्लेषाचं तसं झालं नाही. ते सांगण्यासाठीच आज बोलायला आलो.

दर वर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांत तो आठवडाभर चालतो. झेंडा लावतात, शपथ घेतात, चित्रांची आणि घोषवाक्यांची स्पर्धा होते, बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळतो. मी स्टोअरमध्ये कारकून, त्यात कवी म्हणून बदनाम. २०१३ साली मी स्पर्धेत एक ओळ दिली:

‘वेळ गाठायला धावू नका, काळ गाठेल!’

मला ती तेव्हा फार आवडली होती, आणि खरं सांगायचं तर आजही आवडते. वेळ आणि काळ, दोन्हींचा अर्थ एकच. पण काळ म्हणजे मृत्यूसुद्धा. अपघातातून कुणी वाचलं की आपण म्हणतोच, ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.’ ती म्हण उलटी करून मी ‘गाठणं’ या क्रियापदाला दोन्हीकडून ओढलं होतं. आधी तुम्ही वेळ गाठता, मग काळ तुम्हाला गाठतो. आणि दोन्ही शब्दांच्या शेवटी ‘ळ’.

या ‘ळ’शी माझं जुनं नातं आहे. आमच्या घरात दखनी बोलतात. दखनीत ‘ळ’ नाही. पहिलीत गुरुजींनी केळ्याचं चित्र दाखवलं आणि मी ‘केला’ म्हणालो, तेव्हा सगळा वर्ग हसला. गुरुजींनी मला जवळ घेऊन जीभ कशी मागे वळवायची ते दाखवलं. ‘बाळ’, ‘फळा’, ‘शाळा’, ‘आभाळ’. आठवडाभर मी घरी, गल्लीत, ओढ्यावर ‘ळ ळ ळ’ करत हिंडत होतो. अम्मीला वाटलं पोराला काही झालं. मराठी माझी कधी झाली असं कुणी विचारलं, तर मी तो आठवडा सांगतो. म्हणून ती ओळ सुचली तेव्हा वाटलं, गुरुजी असते तर खूश झाले असते.

पहिलं बक्षीस मिळालं. डबा आजही घरात आहे. गेटसमोरच्या कंपाउंडच्या भिंतीवर पेंटरनं दोन-दोन फुटांच्या अक्षरांत ऑइलपेंटनं ती ओळ रंगवली. पिवळ्या पट्ट्यावर लाल अक्षरं. कारखाना तळेगावच्या रस्त्याला आहे, महाळुंग्याच्या अलीकडे. नव्या कोऱ्या मोटारी लादलेले ट्रेलर, कंटेनर, टँकर रात्रंदिवस त्या रस्त्यानं जातात. सगळे माझी ओळ वाचत जाणार, या कल्पनेनं महिनाभर मी बसमधून उतरलो की भिंतीकडे बघून मग आत जायचो.

लोडिंगला ठेकेदाराचा एक मुलगा होता, एकोणीस-वीस वर्षांचा, बिहारकडचा. मला चाचा म्हणायचा. दहावीपर्यंत शिकलेला, हिंदी पेपर सरळ वाचायचा. एकदा चहाच्या सुट्टीत भिंतीकडे बोट दाखवून त्यानं विचारलं, “चाचा, ये आठ को किसने सुला दिया?”

मला आधी कळेना. मग लक्षात आलं. देवनागरी लिपी तीच, पण हिंदीच्या मुळाक्षरांत ‘ळ’ नाही. त्याला तो आडवा झोपवलेला आठचा आकडा वाटला होता. मी इतका हसलो की चहा सांडला. कवितेतसुद्धा अशी उपमा सापडायची नाही. मग मी त्याला सगळं समजावलं. वेळ म्हणजे काय, काळ म्हणजे काय, ‘गाठणं’ दोनदा कसं आलं. चहाची सुट्टी संपली. सगळं ऐकून तो म्हणाला, “मतलब, जल्दी मत करो?”

“हां.”

“तो ऐसा लिखो ना.”

हा किस्सा मी पुढचे कितीतरी दिवस सांगत होतो. कविसंमेलनातही सांगितला, टाळ्या मिळाल्या. तेव्हा त्यातलं हसू तेवढं मी घेतलं. नंतर एकदा बसच्या खिडकीतून पाहताना दिसलं की सावधगिरीचे आपले सगळे शब्दच या अक्षरावर उभे आहेत. हळू. वळण. शाळा. डावीकडे वळा. दरड कोसळण्याची शक्यता. रस्त्याचं नावही तळेगाव, गावाचं नावही महाळुंगे. हिंदी पट्ट्यातून आलेल्या माणसाला नेमकं त्याच जागी अडखळायला होतं. ओडिशाच्या पोरांच्या भाषेत हा उच्चार आहे, पण त्यांची लिपी वेगळी. म्हणजे त्यांना ‘हळू’ म्हणता येईल, पण वाचता येणार नाही. एकेकाळी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत सातारा, नगर, मराठवाड्याची माणसं आली. आता सगळ्या देशाची येतात. पाट्या मात्र अजून आपल्याच घरातल्या माणसांशी बोलल्यासारख्या बोलतात.

२०१४ च्या पावसाळ्यातली गोष्ट. पहिली शिफ्ट सातची. ठेकेदाराची माणसं सहा आसनी टमटममध्ये दहा-बारा बसून यायची. टमटम त्यांना रस्त्याच्या पलीकडे सोडायची, कारण वळून यायला पुढे लांब जावं लागे. त्या दिवशी ती उशिरा आली. सातला तीन मिनिटं कमी होती. पाऊस होता. तो मुलगा उतरला आणि गेटकडे पळत सुटला. चाकणकडून ट्रेलर येत होता.

आमची बस पोचली तेव्हा साडेसात वाजून गेले होते. चाकणच्या चौकात अडकलो होतो.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हे भाषण खोटं होईल. कंपनीची बस उशिरा आली तर बसमधल्या कुणालाही लेट मार्क लागत नाही. चूक बसची. टमटमनं येणाऱ्यांना लागायचा. तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापला जायचा. त्याचे त्या महिन्यात दोन झाले होते, हे त्याच्याबरोबरच्या पोरांनी मला सांगितलं. म्हणजे भिंतीच्या बाहेरच्या बाजूनं आम्ही त्याला सांगत होतो की वेळ गाठायला धावू नका, आणि भिंतीच्या आत टाइम ऑफिसात वेळ न गाठल्याचे पैसे कापत होतो. हे सांगणारा मी होतो, ज्याला वेळ गाठायची कधी गरजच नव्हती. त्याला ‘ळ’ वाचता आला असता तरी तो पळालाच असता. मीही पळालो असतो.

त्यानंतर पाट्यांबद्दल जे हाती येईल ते मी वाचत राहिलो. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दोन संशोधकांचा एक अभ्यास आला. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात महामार्गांवरच्या विजेच्या पाट्यांवर महिन्यातून एक आठवडा, यंदा आतापर्यंत रस्त्यांवर किती माणसं मेली, तो आकडा दाखवत. लोक घाबरून जपून चालवतील, असा हेतू. त्या दोघांनी हिशेब मांडला तेव्हा दिसलं की आकडा दाखवला जात असताना पाटीच्या पुढच्या दहा किलोमीटरमध्ये अपघात साडेचार टक्क्यांनी वाढत होते. पाटी मनावर जास्त परिणाम करत होती, इतका की ड्रायव्हरचं चित्त काही काळ रस्त्यावरून उडत होतं. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनानं आपली नियमावली नव्यानं काढली. विजेच्या पाट्यांवर विनोद, सिनेमातले संवाद किंवा कोड्यात बोलणारे संदेश देऊ नयेत, असं तिच्यात आलं. लोक चुकीचा अर्थ लावतात किंवा लक्ष विचलित होतं, हे कारण. अब्बा एका वाक्यात हेच म्हणाले होते.

मग यमकं, श्लेष सगळे पुसून टाकायचे का? मला तसं वाटत नाही. ‘अति घाई, संकटात नेई’ ही ओळ घाटातल्या वळणावर कुणी वाचून ब्रेक दाबत असेल, असं मला वाटत नाही. ती ओळ आपण लहानपणी एसटीच्या खिडकीतून वाचली आणि घरी घेऊन आलो. आईनं शाळेत पाठवताना म्हटली, बायकोनं डबा देताना म्हटली. यमकाचं काम तिथं, घरात, बसस्टँडवर, शाळेच्या भिंतीवर, सिग्नलला थांबलेल्या माणसासमोर. जिथं थांबलेला माणूस आहे तिथं कविता चालते. जिथं माणूस धावतोय तिथं त्रिकोण पाहिजे, झेब्रा पट्टे पाहिजेत, गतिरोधक पाहिजे, आणि तो धावतोय का याची चौकशी पाहिजे. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, असं केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्यातली बत्तीस हजारांहून अधिक पायी चालणारी होती. पायी चालणाऱ्या माणसासाठी आपण पाट्या किती लिहितो? सगळा उपदेश गाडीवाल्याला.

कारखान्याच्या सुरक्षा समितीत तेव्हा मला बोलावलं. नवं घोषवाक्य हवं होतं. मी म्हटलं, घोषवाक्य देतो, पण आधी दोन गोष्टी. टमटम गेटच्या बाजूला थांबली पाहिजे आणि पावसाळ्यात दहा मिनिटांची सवलत पाहिजे. पहिली लगेच मान्य झाली. दुसरीवर दोन तास बोलणं झालं. शेवटी चार महिन्यांपुरती, फक्त पहिल्या शिफ्टला मिळाली. गेटसमोर गतिरोधक यायला आणखी दीड वर्ष गेलं, कारण रस्ता कारखान्याचा नव्हता.

घोषवाक्य मी दिलंच नाही. पेंटरला म्हटलं, पिवळ्या त्रिकोणात रस्ता ओलांडणारा माणूस काढ, मोठा, आणि खाली दोनच शब्द लिही, ‘हळू’ आणि ‘धीरे’. तो म्हणाला, एवढ्याशा मजकुराचे पैसे काय घ्यायचे? मी म्हटलं, चित्राचे घे.

जुन्या ओळीवर त्यानं चुना मारला. ऑइलपेंटवर चुना नीट धरत नाही. पावसाळ्यात भिंत ओली झाली की चुना धुपतो आणि आधी दोन ‘ळ’ वर येतात. दिवाळीच्या आधी भिंतीला पुन्हा हात मारतात. यंदाही मारला.